गुरुजी रानात आहेत, तोवर

एखादा पक्षी किंवा प्राणी संपत आला, की हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं. "पिंजऱ्यात जोड्या लावू, पिल्लं काढू आणि वाढली की रानात सोडून देऊ." मंत्र्यांच्या भाषणात ते येतं, वर्तमानपत्रातल्या बातमीत येतं, टपरीवरच्या गप्पांतही येतं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. कुणीतरी बघून घेतंय म्हटल्यावर आपण चहाचा कप खाली ठेवून घरी जायला मोकळे. नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसांनी तरी या वाक्यावर विसंबू नये, यासाठी हा लेख लिहितो आहे. आपल्या सातपुड्यात असा एक पक्षी आहे, की त्याच्यावर पिंजऱ्याची पाळी येऊ द्यायची की नाही, हे अजून आपल्या हातात आहे.

तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. वीतभर उंचीचा, मोठ्या डोक्याचा, पिवळ्या डोळ्यांचा. गावातल्या वडा-पिंपळावर दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीवर गडद तपकिरी पट्टा, आणि पायांवर पांढरी पिसं इतकी की पाय जाडजूड दिसतात. मुख्य म्हणजे हा दिवसाउजेडी वावरतो. सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांदीवर येऊन बसतो, बिथरला की शेपटी डावी-उजवीकडे झटकतो, आणि खाली पाचोळ्यात सरडा हलला की थेट झडप घालतो.

याची गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळांना अर्धीच माहीत असते. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडात याचा पहिला नमुना मिळाला आणि १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचंच नाव दिलं. पुढे खानदेशात कलेक्टर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या दोन-चार वर्षांत तळोदे-शहादे भागातून आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मारल्याचा दावा केला होता. तो नमुना संग्रहालयातूनच चोरलेला निघाला, नवी चिठ्ठी लावलेला! सलीम अलींसारख्यांनी शोधूनही पक्षी सापडला नव्हता. अखेर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकन अभ्यासकांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तो शहाद्याजवळ दिसला. मधे ११३ वर्षं गेली होती. त्या दिवशी नंदुरबार जिल्हा अस्तित्वातही नव्हता. धुळ्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. आपल्या जिल्ह्याचा पाळणा ज्यांनी पाहिला, त्यांत हा पक्षी आहे.

नंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात याचा अभ्यास केला, गिरीश जठार यांनी तो पुढे नेला. मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातलं खांडवा-बऱ्हाणपूर, डांग, आणि मुंबईच्या पाणीपुरवठ्यामुळे सगळ्यांना ठाऊक असलेलं तानसा, इथूनही तो मिळाला. त्यामुळे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' मधून 'संकटग्रस्त' मध्ये आणलं गेलं. तरी जगात प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. म्हणजे निवांत बसावं अशी परिस्थिती नाही, पण हातघाईही नाही. वेळ आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते या वेळेबद्दलच आहे. शेवटचे पाच-दहा उरले की पिंजरा हाच उपाय उरतो. आणि पिंजऱ्यात जे हरवतं ते परत आणणं किती कठीण असतं, हे जगभरच्या मंडळींनी किंमत मोजून शिकून ठेवलं आहे.

हवाई बेटांवर अलाला नावाचा कावळा होता. २००२ नंतर तो रानातून संपला. उरले ते पैदास केंद्रात वाढलेले. त्यांची संख्या वाढवली गेली आणि डिसेंबर २०१६ मध्ये पाच तरणे नर सोडले. आठवडा उलटायच्या आत तिघं मेले. त्यातल्या दोघांना तिथल्या 'इओ' नावाच्या शिकारी पक्ष्याने उचललं होतं. हा इओ त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी. पण या कावळ्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता, आणि तो वैरी आहे हे सांगणारा एकही म्हातारा कावळा रानात शिल्लक नव्हता. मग अभ्यासकांनी जिवंत इओ दाखवून, सोबत कावळ्यांच्या घाबरलेल्या हाका ऐकवून शिकवणी घेतली. २०१७ मध्ये अकरा पक्षी सोडले आणि सुरुवातीला ते चांगले तगले. तरीही काही वर्षांत एकेक करून गळत गेले, आणि २०२० मध्ये उरलेले पाच पुन्हा केंद्रात आणावे लागले. आणखी एक बारीक गोष्ट या संशोधनात निघाली. रानातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिलं, तेव्हा पिंजऱ्यातल्या कावळ्यांच्या बोलण्यातून हद्द सांगणाऱ्या हाका विरळ झालेल्या आढळल्या. पिढ्या वाढल्या, पण भाषा आटली.

वैरी ओळखणं उपजत असतं की शिकवावं लागतं, हा प्रश्न जुना आहे. जर्मनीत १९७८ मध्ये एबरहार्ड क्युरिओ आणि सहकाऱ्यांनी त्यावर एक खटपटी प्रयोग केला. दोन पिंजऱ्यांत दोन ब्लॅकबर्ड, मधे फिरती पेटी. एका बाजूच्या पक्ष्याला पेटीत घुबड दिसत होतं; दुसऱ्या बाजूच्याला त्याच वेळी दिसत होता एक निरुपद्रवी, परदेशी, मध पिणारा पक्षी. पहिला घुबडावर चिडून ओरडू लागला. दुसऱ्याला वाटलं, हा ओरडतोय तो या मध पिणाऱ्यावरच. झालं! त्या बिचाऱ्या निरुपद्रवी पक्ष्याला त्याने कायमचा वैरी ठरवून टाकलं. पुढे त्याला गुरू केलं, नवा शिष्य समोर बसवला, त्याच्याकडून पुढच्याला, असं करत सहा पक्ष्यांच्या साखळीपर्यंत हा खोटा धडा पोचला. मध पिणाऱ्या पक्ष्याऐवजी साधी प्लास्टिकची बाटली ठेवली, तरी पक्षी तिच्यावर ओरडायला शिकले. म्हणजे कुणाला घाबरायचं याचा मोठा भाग अंड्यातून येत नाही, तो शेजाऱ्याकडे पाहून येतो.

माकडांचंही असंच. सुसान मिनेका यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं सापाला घाबरत नाहीत, पण सापाला घाबरणारं रानातलं माकड थोडा वेळ पाहिलं की घाबरायला शिकतात. फुलाला घाबरायला मात्र तशी शिकत नाहीत. तेव्हा आत काहीतरी बीज असतं, एवढं मान्य. पण ते रुजवणारा जवळ लागतो.

आता घरचं पाहू. यवतमाळच्या राळेगाव भागातली अवनी वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. तिची मादी बछडी पेंचला आणून कुंपणात वाढवली. ती शिकार शिकली, हरणं मारू लागली. आता जमेल, असं वाटून मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं. दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जबर जखमी झाली आणि काही दिवसांतच गेली. वाढवणाऱ्यांच्या मेहनतीत खोट काढायची नाही; त्यांनी जीव तोडून काम केलं. पण शिकार करणं हा एक विषय आणि या ओढ्यापलीकडे कुणाचं राज्य आहे, कुणासमोर शेपूट घालायची, हा दुसरा. पहिला कुंपणात शिकता येतो. दुसऱ्यासाठी आई लागते.

आपल्याकडे शहाद्या-तळोद्याच्या उसाच्या फडात तोडणीच्या हंगामात बिबट्याची पिल्लं सापडतात. पूर्वी लोक ती उचलून आणायचे, दूध पाजायचे, फोटो काढायचे. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या मंडळींनी आणि वनखात्याने मिळून आता वेगळी रीत रुजवली आहे. पिल्लं तपासून, सापडली त्याच जागी पेटीत ठेवायची, माणसांनी लांब व्हायचं, रात्री आई येऊन घेऊन जाते. माणसाच्या हातचं दूध पिऊन वाढलेला बिबट्या माणसाला भीत नाही, आणि न भिणारा बिबट्या ना गावाच्या कामाचा ना रानाच्या. त्याचं उभं आयुष्य गजांआड जातं. आपल्या गावातल्या ऊसतोड कामगाराला जे कळलं आहे तेच या लेखात मोठ्या अक्षरांत लिहितो आहे, दुसरं काही नाही.

पिंजऱ्यात वाढलेल्यांना शिकवताच येत नाही, असं मात्र नाही. सौदी अरेबियात हुबारा या माळढोकाच्या नात्यातल्या पक्ष्याची केंद्रात पैदास करून तो वाळवंटात सोडत. खोकडं त्यांचा फडशा पाडत. योलांडा व्हान हीझिक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पक्ष्यांना सोडण्याआधी खोकडाची प्रतिकृती दाखवली, तर काहींना थोडा वेळ खराखुरा जिवंत खोकड. जिवंत खोकड पाहिलेले पक्षी सोडल्यावर जास्त तगले. प्रतिकृती पाहिलेल्यांना तिचा काही उपयोग झाला नाही. नकली वैरी नकलीच. ऑस्ट्रेलियात 'ॲरिड रिकव्हरी' या संरक्षित क्षेत्रात बिल्बी नावाच्या लांब कानांच्या प्राण्याला कुंपणाआत थोड्याशा रानमांजरांसोबत दोनेक वर्षं राहू दिलं. मांजर कधी न पाहिलेल्या बिल्बींपेक्षा ते बाहेर जास्त टिकले. इथेही शिकवणी फुकट झाली नाही: दोन वर्षांत काही बिल्बी मांजरांच्या तोंडी गेलेच. भीती शिकवायची तर कुणाच्या तरी जिवावरच शिकवावी लागते. रानात हे रोज होतं, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही, एवढाच फरक.

माळढोकाच्या बाबतीत आपल्याला निवड उरली नव्हती. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ पासून आहे, पण आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे बातमी. सगळी आशा राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातल्या सम आणि रामदेवरा इथल्या पैदास केंद्रांवर आहे; २०१९ पासून रानातली अंडी आणून तिथे पिल्लं वाढवली जात आहेत आणि आता पन्नासच्या वर पक्षी तिथे आहेत. ते करायलाच हवं होतं, मी विरोधात नाही. पण तिथली पिल्लं माणसांच्या हातून चारा घेऊन वाढलेली, आणि बाहेर कोल्हे, खोकडं, गावोगावची मोकाट कुत्री आणि वर विजेच्या तारा. तारेला घाबरायला कुठला पक्षी शिकवणार? गिधाडांचं तसंच. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरच्या केंद्रातून वीस गिधाडं पेंच आणि ताडोब्याला आणली. मढ्यावर कुणाच्या आधी बसायचं आणि कुणाला वाट द्यायची, हे गिधाड दुसऱ्या गिधाडाकडून शिकेलही. मेलेल्या बैलाच्या मांसातलं डायक्लोफिनॅक ओळखायला त्याला जगातला कुठलाही गुरू शिकवू शकत नाही. ते औषध जनावरांसाठी वापरायला २००६ पासून बंदी आहे, आणि ती पाळणं हे गिधाडाचं काम नाही, आपलं आहे.

एवढं सगळं सांगितलं ते परत सातपुड्यात येण्यासाठी.

रानपिंगळ्याच्या आयुष्याची घडी पाहिली, की याला वैऱ्याची ओळख किती लागत असेल ते ध्यानात येतं. घुबड असून हा दिवसा जगतो. याची वीण हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते, आणि नेमक्या त्याच काळात साग पानं झाडतो. पिल्लं ढोलीतून बाहेर येतात तेव्हा आसपास आडोसा म्हणून काही नसतं. वर शिकारी पक्षी फिरत असतात, आणि रानपिंगळ्यांची पिल्लं त्यांना बळी पडतात, हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे. अशा उघड्या रानात, उघड्या फांदीवर बसायचं तर आभाळातली कुठली सावली शिक्र्याची आणि कुठली कबुतराची, हे सावली अंगावर येण्याआधी कळायला हवं. ढोलीबाहेर पडल्यावरही पिल्लं काही आठवडे आई-बापाच्या हद्दीतच राहतात. एरवी आपण त्याला लाड म्हणू. ते वर्ग आहेत.

आणि रानपिंगळा नुसता विद्यार्थी नाही, तो दुसऱ्यांच्या वर्गातला फळाही आहे. शहाद्याहून तोरणमाळच्या घाटाने वर जाताना एखाद्या सकाळी थांबा. कोतवाल, बुलबुल, चिमण्या, वटवटे अशी सगळी टोळी एका फांदीभोवती कालवा करताना दिसेल. टोळीच्या मधे डोळे अर्धे मिटून बसलेला एखादा पिंगळा असतो. कोतवाल त्याच्या टाळूवरून सूर मारत जातो. एक कोवळं बुलबुल, शेपटीखालचा लाल रंग अजून नीट भरलेला नाही असं, दोन फांद्या मागे बसून आधी बघतं. मग पुढे सरकतं. मग तेही ओरडू लागतं. क्युरिओंनी फिरती पेटी बांधून जे मांडलं, ते इथे फुकट चाललेलं असतं. त्या रानातून रानपिंगळा गेला तर फक्त रानपिंगळा जात नाही.

तेव्हा आता मागणं मांडतो, आणि पहिलं मागणं जुन्या झाडांचं आहे. रानपिंगळा घर बांधत नाही. मोई, रोहन, साग अशा झाडांच्या तयार ढोलीत राहतो, आणि त्या ढोल्यांसाठी पोपट, मैना, साधा पिंगळा, खारी सगळ्यांशी भांडतो. अशी झाडं म्हातारी असतात, आतून पोकळ, अर्धी वाळलेली. लाकूडफाट्याला निघालेल्या माणसाच्या नजरेत ती सगळ्यात आधी भरतात, आणि वनखात्याच्या कामातही 'वाळलेलं झाड' हा काढून टाकायचाच माल असतो. सागाची रोपं ओळीत लावली की हिरवळ दिसते, पण त्या सागाला ढोली धरायला माणसाचं आयुष्य जातं. प्रत्येक गावाने आपल्या रानातली पोकळ झाडं मोजावीत, बुंध्यावर चुन्याचा पट्टा मारावा आणि त्याला कुऱ्हाड लागणार नाही असं ठरवावं. खर्च चुन्याचा.

दुसरं वणव्याचं. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि आग कुणाच्या हाती राहत नाही. ती पोकळ बुंध्यात शिरते आणि चिमणीसारखी वर चढते. ढोलीचं झाड आतून जळून पडतं, तेही नेमकं पिल्लांच्या दिवसांत. मोहाखाली जाळी बांधून फुलं झेलली तर पाचोळा पेटवावाच लागत नाही, फुलंही स्वच्छ राहतात आणि भाव बरा येतो. जाळ्यांचे पैसे वनखात्याने, आदिवासी विकास विभागाने किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याने द्यावेत. मोह वेचणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा ठेवू नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण पक्षी वाचवा म्हटलं की काही जणांची बोटं आधी पाड्यांकडे वळतात. तळोद्याचं चांगलं जंगल १९९० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर गेलं ते सरदार सरोवराच्या विस्थापितांना जमीन देण्यासाठी. चार हजार हेक्टरांच्या आसपास वनजमीन त्यासाठी मोकळी केली गेली. नर्मदेकाठच्या ज्या भिल्ल-पावरा कुटुंबांची गावं पाण्याखाली गेली, त्यांनी ते जंगल मागितलं नव्हतं, त्यांना जमीन हवी होती. धरणाचा निर्णय कुणाचा आणि जंगलतोडीचा ठपका कुणावर, हे नीट पाहावं. गलोलीने पाखरं पाडणारी पोरं आपल्याकडे आहेत, घुबडाच्या अंगाला हात लावून काही विधी होतात हेही खरं; पण दिवाळीच्या तोंडावर घुबडांचा जो चोरटा बाजार भरतो तो शहरांत, पैसेवाल्यांच्या पूजेसाठी. घुबडांच्या या व्यापारावर ट्रॅफिक या संस्थेने २०१० मध्ये सविस्तर अहवालच काढला होता. रानपिंगळा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला पकडणं हा गंभीर गुन्हा आहे, मग पकडणारा पाड्यावरचा असो की नाशिकच्या बंगल्यातला.

तिसरं मागणं माझ्यासारख्यांकडेच, म्हणजे गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर कॅमेरा घेऊन तोरणमाळला येणाऱ्यांकडे. रानपिंगळ्याची हाक मोबाइलवर वाजवून त्याला बोलावणं थांबवा. नर आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून धावत येतो, उघड्या फांदीवर बसतो, छाती फुगवतो, पुन्हा पुन्हा ओरडतो. फोटो झकास मिळतो. पण तेवढा वेळ त्याचं लक्ष आभाळाकडे नसतं, मादीला द्यायचा सरडा राहून जातो, आणि रोज दहा माणसं आली तर दहा माणसांची सवय होते. ज्या भीतीवर तो जगतो, ती आपण आवडीने, बोट दाबून पुसत असतो. घरट्याचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. ठिकाण कळवायचंच असेल तर वनखात्याला आणि अभ्यासकांना कळवा.

तोरणमाळचा परिसर संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेला आहे. कागदावर ही मोठी गोष्ट आहे. ती जमिनीवर यायची तर वनरक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत, रानपिंगळ्याच्या जोड्यांची दरवर्षी एकाच पद्धतीने गणना झाली पाहिजे, आणि त्या कामावर पाड्यावरची मुलं-मुली मानधनावर घेतली पाहिजेत. ढोल्या त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. गाव मनावर घेतं तेव्हा काय होतं, ते पाहायला फार लांब जायला नको. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. उजाड झालेली शेकडो हेक्टर टेकडी तिथल्या लोकांनी नियम करून, पाळी लावून, दंड ठेवून राखली, आणि चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. नंदुरबारला तर वनहक्क कायद्याने सामूहिक दावे मंजूर झालेली गावंही आहेत. ज्या गावाला जंगलावर हक्क मिळाला आहे, त्याला व्यवस्थापन आराखडा करायचाच असतो. त्या आराखड्यात ढोलीची झाडं असा एक वेगळा मथळा घाला.

आणि कधीकाळी रानपिंगळ्यासाठीही पैदास केंद्राचा प्रस्ताव आलाच, तर जिल्ह्याने डोळे मिटून टाळ्या वाजवू नयेत. आधी विचारावं: रानात शिकवणारे पक्षी किती उरले आहेत? पिल्लं आई-बापाच्या पंखाखाली वाढणार की माणसाच्या हातावर? सोडण्याआधी खरा शिकारी पक्षी, खरा साप, खरं रानमांजर दाखवणार का, की प्रतिकृतीवर भागवणार? सोडलेल्यांपैकी किती मेले आणि कशाने मेले, हा आकडा लोकांसमोर ठेवणार का? अलालाच्या बाबतीत तो ठेवला गेला, म्हणून तर आज त्यातून कुणी शिकू शकतं. आपल्याकडे सोडतानाच्या समारंभाचे फोटो मिळतात, सहा महिन्यांनंतरचा हिशेब मात्र शोधूनही हाती लागत नाही.

पण ही वेळ यावी असं मला वाटत नाही, आणि आज ती आलेलीही नाही. शहाद्याच्या वरच्या रानात, तोरणमाळच्या उतारांवर, अजून जाणते रानपिंगळे आहेत. त्यांनी शिक्र्याचे किती वार चुकवले असतील, कोण जाणे; आणि ते जे जाणतात ते कुठल्याही केंद्रातल्या फ्रीजमध्ये साठवता येत नाही.

तेव्हा धडगाव, अक्कलकुवा, तळोदे, शहादे, नवापूर, नंदुरबार, ज्या कुठल्या तालुक्यात तुमचं गाव असेल, तिथे येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांतली जी सभा आधी येईल ती. पेसा लागू असलेल्या भागात तर पाड्याचीही स्वतःची ग्रामसभा असते, तिथेच घ्या. विषयपत्रिका निघण्याआधी ग्रामसेवकाकडे लेखी द्या आणि पोच मागून घ्या, नाहीतर 'ऐनवेळचे विषय' मध्ये तो राहून जातो. ठराव चार ओळींचा पुरे: पोकळ आणि वाळलेली जुनी झाडं तोडायची नाहीत; होळीआधी जाळरेषा काढायच्या, आणि मोहाखाली आग लावायची नाही; गलोल शाळेत जमा करायची; बाहेरच्या कुणी रानात हाका वाजवताना दिसला तर नाव-गाव लिहून वनपालाला कळवायचं. खाली सह्या आणि अंगठे घ्या. एक प्रत वनक्षेत्रपालाला, एक उपवनसंरक्षकांना, आणि एक शाळेच्या भिंतीवर, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा.